समुद्र तापला की मासळी कुठे जाते?



कोगनोळीला समुद्र नाही. आपल्याला दूधगंगा ठाऊक, विहीर ठाऊक, उसाला पाजायचे पाणी ठाऊक. तरीही समुद्राशी आपला संबंध जवळचा आहे. आपला पावसाळा अरबी समुद्रावरून घाट चढून येतो. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य केले की पुष्कळ घरी बांगडा, तारली किंवा सुकट शिजते. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे : समुद्राचे पाणी तापले की मासळीचे काय होते?

माशाची अडचण

ऊन असो वा थंडी, निरोगी माणसाचे अंग सुमारे ३७ अंश सेल्सिअस राहते. माशाचे तसे नाही. बहुतेक माशांचे अंग भोवतालच्या पाण्याइतकेच गरम किंवा थंड असते. पाणी तापले की अंग तापते, अंग तापले की श्वास वाढतो आणि भूकही वाढते. नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. शून्य अंशाच्या एक लिटर गोड्या पाण्यात १४ ते १५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले तर जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणजे गरज वाढली आणि पुरवठा निम्म्यावर आला.

ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की पाण्यात प्राणवायू कमी पडला असे समजावे. तळ्यातल्या माशाला पळायला जागा नसते. समुद्रातला मासा मात्र सोसेल असे पाणी शोधत निघतो.

समुद्र तापतो का, असे कोणी विचारील. होय, तापतो. कोळसा आणि खनिज तेल जाळून निघालेला वायू पृथ्वीभोवती घोंगडीसारखा बसला आहे. त्यामुळे जी जादा उष्णता साठली, तिच्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने पोटात घेतला आहे. अरबी समुद्रही त्यातून सुटलेला नाही.

आपली तारली

तारली ही गरिबाची मासळी. कोकणात काही ठिकाणी तिला पेडवे म्हणतात. तिचे मोठे थवे पूर्वी मुख्यतः केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत असत. तिथे पावसाळी वारे किनाऱ्याचे वरचे पाणी दूर लोटतात आणि खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही समुद्राची नांगरट आहे. त्या खतावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती माजतात आणि तारली त्यांवर पोसते. वरचे पाणी फार तापले तर ते हलके होऊन थरासारखे तरंगत राहते आणि खालचे खत वर येईनासे होते. नांगरट चुकली की पीक बुडाले.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ या मासळीवर कित्येक वर्षे लक्ष ठेवून आहेत. साधारण १९९० च्या सुमारापासून तारली आपली जुनी हद्द ओलांडून उत्तरेकडे महाराष्ट्र-गुजरातच्या बाजूला आणि पूर्वेला तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावरही मिळू लागली. बांगडा पूर्वी वरच्या पाण्यातला मासा म्हणून ओळखला जाई. तोही आता तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात अधिक येऊ लागला आहे. जो बाजूला सरकू शकतो तो बाजूला सरकतो, जो खाली जाऊ शकतो तो खाली जातो.

केरळात २०१२ साली तारलीची पकड सुमारे ३ लाख ९० हजार टन होती. २०२१ साली ती ३,२९७ टनांवर आली. पुढे २०२३ मध्ये ती पुन्हा एक लाख टनांवर गेली. एवढ्या चढउताराचे सारे खापर उष्णतेवर फोडणे बरोबर नाही. २०१५ च्या एल निनोचा फटका बसला, आणि वाढ न झालेली पिल्ले बेसुमार धरली गेली हेही खरे. परंतु अशक्त झालेल्या माणसाला साधा तापही आडवा करतो, तशीच गोष्ट येथे आहे.

उत्तरेच्या टोकाची मासळी

तारलीला सरकायला वाट तरी आहे. जी मासळी मुळातच पृथ्वीच्या उत्तर टोकाशी, बर्फाशेजारी राहते, तिने कुठे जावे?

नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्र आहे. २००४ ते २०१२ या काळात तिथे जाळी टाकून शास्त्रज्ञांनी कोणता मासा कुठे मिळतो याची नोंद केली. दक्षिणेकडचे कॉड आणि हॅडक हे मोठे मासे झपाट्याने उत्तरेत शिरल्याचे आढळले. हे मासे लांब पोहतात आणि मिळेल ते खातात. मूळचे आर्क्टिक मासे बहुधा लहान, तळाशी राहणारे आणि ठरावीक खाण्यावर जगणारे. त्यांना वरून उष्णता, शेजारी नवे भक्षक आणि पुढे खोल महासागर. उथळ तळाची त्यांची जमीनच तिथे संपते.

तिथल्या ध्रुवीय कॉडची अंडी तर हिवाळ्यात बर्फाखाली वाढतात. शिवाय थंड पाण्यातले बारीक जीव चरबीने भरलेले असतात आणि कोमट पाण्यात त्यांची जागा लहान, कमी चरबीचे जीव घेतात. म्हणजे सकस भाकरीच्या जागी पातळ पेज. त्या माशांवर जगणारे सील आणि समुद्रपक्षी यांनाही त्याची झळ पोहोचते.

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातली गोष्ट अधिक कठोर आहे. तिथला हिमखेकडा तळाच्या अतिथंड पाण्यात वाढतो. २०१८ आणि २०१९ साली तिथे उष्णतेची लाट आली. खेकड्यांची भूक वाढली, पण अन्न वाढले नाही. पुढच्या पाहणीत एक हजार कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाल्याचे दिसले. बहुतेक उपासमारीने मेले असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. २०२२ साली तिथल्या सरकारला ही खेकडेमारी इतिहासात प्रथमच बंद ठेवावी लागली आणि त्यावर जगणारी गावे रिकाम्या हातांनी बसली. २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण अगदी थोड्या प्रमाणात.

यातून आपण काय करावे?

१. बोटभर तारली विकत घेऊ नये. केरळ सरकारने १० सेंटिमीटरपेक्षा लहान तारली धरण्यास मनाई केली आहे. बियाण्याचे धान्य दळून खाणारा शेतकरी पुढच्या वर्षी काय पेरील? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तीही याचसाठी. त्या दिवसांत ताजी मासळी महागली तर कुरकुर करू नये.

२. एकाच मासळीवर अडून बसू नये. रोहू, कटला यांसारखी गोड्या पाण्यातली मासळीही उत्तम प्रथिने देते. तारलीत हृदयाला हितकारक तेल असते. ते काही अंशी जवसातही मिळते, म्हणून जवसाची चटणी ताटातून जाऊ देऊ नये. लहान मासे मऊ काट्यांसकट खाल्ले तर हाडांना चुना मिळतो.

३. सुकी मासळी करण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. तिच्यात मीठ फार असते. रक्तदाब असलेल्यांनी ती क्वचितच खावी.

४. शेततळ्यात बोटुकली दाटीने सोडू नये. उन्हाळ्यात पाण्याची खोली कमी होऊ देऊ नये. कडक उष्म्याच्या आणि ढगाळ दिवशी खाद्य कमी करावे आणि शेण टाकू नये. मासे वर येऊन हवा घेऊ लागले तर ताजे पाणी उंचावरून पडेल असे सोडावे. पडणारे पाणी हवा घेऊन आत जाते.

५. पालापाचोळा जाळण्याऐवजी कुजवावा, पंप गरजेपुरताच चालवावा, बांधावर झाड लावावे. एका गावाने समुद्र थंड होणार नाही, हे आम्हालाही कळते. पण समुद्र तापला तोही कोण्या एकाच्या हातून नव्हे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक काढून पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. घर सामाईक असले की एका खोलीतली आग सर्वांची असते. बर्फाजवळच्या लहान माशाला आपण कधी पाहणार नाही. पण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे. आणि पृथ्वी तापली म्हणून त्याचे जसे बिऱ्हाड मोडते, तसेच अवर्षण पडले की ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाचे मोडते. जो आधीच काठावर उभा आहे, त्याला पहिला धक्का बसतो.

प्रभूचे पहिले शिष्य कोळी होते. रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. येत्या शुक्रवारी ताटात मासा वाढला जाईल तेव्हा त्या कोळी बांधवांसाठी एक प्रार्थना करावी, आणि ताटात घेतलेले वाया घालवू नये.