जुना टेम्पो सुरू होत नाही? गॅरेजला फोन करण्याआधीची दहा मिनिटं



सेकंडहँड टेम्पोवरच्या व्हिडिओत आपण गाडी सुरू न होण्याचे चार-पाच आवाज ऐकले. ते आवाज कसे ओळखायचे आणि त्यावरून काय ठरवायचं, हे इथे सविस्तर लिहून देतोय. उदाहरणाला छोटा हत्ती धरू. 2005 मध्ये बाजारात आलेली, 702 सीसीची, दोन सिलिंडरची डिझेल गाडी. आपल्याकडे नवीन धंदेवाल्याची पहिली गाडी बऱ्याचदा हीच असते, तीही तिसऱ्या-चौथ्या मालकाकडून घेतलेली.

सर, आम्हाला थोडंच गाडी दुरुस्त करायची आहे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तुम्हाला फक्त एवढंच ठरवायचंय की फोन कोणाला करायचा. कारण "गॅरेजवाला" हा एक माणूस नसतो. बॅटरी-वायरिंगचा इलेक्ट्रिशियन वेगळा, इंजिनचा मेकॅनिक वेगळा आणि डिझेल पंप-नोजलवाला आणखी वेगळा. नुसतं "गाडी सुरू होत नाही" म्हणून चुकीच्या माणसाला बोलावलं, की तो येतो, दोन तास हात मारतो आणि "हे माझं काम नाही" म्हणून दुसऱ्याचा नंबर देतो. समजा तुम्ही रोज सकाळी सहा हॉटेलांना भाजी पोचवता. त्या दिवशी भाड्याचा टेम्पो 1200 रुपये, पहिल्या माणसाची खेप 300 रुपये, आणि दोन हॉटेलांनी उशीर झाला म्हणून माल परत पाठवला तर ते वेगळंच. बिघाड कदाचित 50 रुपयांच्या टर्मिनलचा असतो.

सुरुवात अशी करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. डिझेलचा काटा बघा. हसू नका, जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो, त्यामुळे शेवटचं डिझेल कधी भरलं तेही आठवा. आता हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. कान आवाजाकडे, डोळे समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे.

सेल्फ "कट-कट-कट-कट" करतोय आणि उजेड मंदावतोय, किंवा इंजिन "घर्र... घर्र..." असं जीव नसल्यासारखं फिरतंय: करंट कमी पडतोय. उजेड लख्ख आहे पण सेल्फचा आवाजच नाही: बॅटरीत जीव आहे, करंट सेल्फपर्यंत जात नाही. चावीचा स्विच, सोलेनॉइड किंवा वायर. सेल्फ "सुंईss" करून मोकळाच फिरतो, इंजिन हलत नाही: सेल्फचं पुढचं दातेरी चाक इंजिनला पकडत नाही. हे तिन्ही प्रकार इलेक्ट्रिशियनचे. इंजिन नेहमीच्या जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर इलेक्ट्रिशियनला त्रास देऊ नका. तिथून पुढे गोष्ट डिझेलची किंवा इंजिनची आहे.

करंट कमी पडतोय म्हटलं की दहापैकी नऊ जण सांगणार, बॅटरी बदला. इथेच थांबा. काही हजारांचा खर्च आहे, आणि गुन्हेगार बॅटरीच असेल असं नाही. एक साधा मल्टिमीटर घेऊन गाडीत ठेवा, काहीशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग मीटर बॅटरीला लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी उतरली आहे किंवा संपली आहे. पण सेल्फ रडतोय आणि बॅटरीवर मात्र 11 च्या वर आकडा टिकून आहे, तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत अडकतोय.

वाटेत म्हणजे कुठे? आधी टर्मिनल. पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, घासा, आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. वरून थोडं व्हॅसलीन. बॅटरीजवळ विडी-काडी नको, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

दुसरी जागा अर्थिंगची, आणि जुन्या गाडीत हीच सगळ्यात दुर्लक्षित. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड पट्टी चेसीला आणि चेसीवरून इंजिनला जाते. पावसाळ्याचं पाणी, चिखल, कोकणातली खारी हवा यांनी तिच्या बोल्टखाली गंज चढतो. वरून पट्टी धडधाकट दिसते. हे तपासायला जम्पर केबलची काळी वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट लावा. पट्ट्यापासून, पंख्यापासून वायर लांब ठेवा. आता सेल्फ जोरात फिरला, तर दोष अर्थिंगचा. बोल्ट काढून घासला की काम झालं. अशा गाड्यांना दोन-दोन नव्या बॅटऱ्या बसवलेल्या सापडतात, मालक वैतागलेला असतो तो वेगळाच.

आणि बॅटरी खरोखर उतरली असेल, तर ती का उतरली हे विचारल्याशिवाय नवी घेऊ नका. धक्का मारून किंवा जम्पर लावून गाडी सुरू करा आणि मीटर बघा. चालू इंजिनवर साधारण 13.8 ते 14.5 आलं पाहिजे. 12 च्या आसपासच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायला सांगा. तो बॅटरी भरतच नाही, मग नवी बॅटरीही आठवड्यात झोपणार.

आता दुसरी बाजू. इंजिन मस्त फिरतंय, पेट घेत नाही. डिझेलमध्ये ठिणगीचा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं जातं आणि ते आपोआप पेटतं. म्हणून मागे जाऊन सायलेन्सर बघा, सेल्फ मारायला कोणाला तरी बसवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मग अर्धा-एक मिनिट विश्रांती. नाहीतर सेल्फही जळेल आणि बिल दुप्पट.

धूर अजिबात येत नाही, तर डिझेल इंजिनपर्यंत पोचतच नाही. टाकी रिकामी झाली होती का, काल फिल्टर बदलला का, कुठे पाइप ओला दिसतो का? गाडीने एअर घेतलेली असू शकते. हातपंपाने दाबून एअर काढणं अवघड नाही, पण पहिल्यांदा मेकॅनिककडून शिकून घ्या. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत पंपावर एक छोटा सोलेनॉइड असतो, चावी फिरवली की "टक" करून डिझेलची वाट उघडतो. हा "टक" नाही, तर फोन पंपवाल्याला नाही, इलेक्ट्रिशियनला. हा एक आवाज ओळखता आला तर पंप उगाच खोलला जाण्याचं टळतं.

पांढरा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. थंडीच्या सकाळीच हा त्रास होतो आणि दुपारी गाडी बरी चालते, तर आधी हीटर प्लग तपासा. उन्हातही तेच होत असेल तर डिझेलमध्ये पाणी, नोजल किंवा इंजिनचं कॉम्प्रेशन, आणि शेवटचं म्हणजे मोठा खर्च. हीटर प्लगच्या गाडीत हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारू देऊ नका, भलत्या वेळी पेट घेऊन इंजिन फुटू शकतं. आणि इंजिन अचानक नेहमीपेक्षा हलकं, एकसारखं फिरायला लागलं तर सेल्फ मारणं ताबडतोब बंद करा. टायमिंग तुटलेलं असू शकतं. अशा गाडीला धक्काही मारू नका.

तुमची गाडी जुनी पेट्रोल व्हॅन असेल तर प्रश्न दोनच: ठिणगी येते का, पेट्रोल येतं का. प्लग काढला आणि ओला निघाला तर पेट्रोल येतंय, ठिणगी शोधा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसली की पुष्कळ गाड्या सुरू होतात.

फोनवर निदान सांगू नका, लक्षण सांगा. "पंप गेलाय बहुतेक" असं म्हटलंत की समोरचा पंपच खोलणार. त्याऐवजी: "दादा, सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी 12.5 दाखवते, धूर अजिबात नाही, परवा फिल्टर बदललाय." असं ऐकलं की चांगला मेकॅनिक नेमकं सामान घेऊनच निघतो. बिल झालं की तारीख, काम आणि खर्च वहीत लिहा, बॅटरीच्या वॉरंटी कार्डाचा फोटोही काढून ठेवा.

गाडी अजून घ्यायची असेल, तर हीच परीक्षा मालकाच्या दारात घ्या. सकाळी लवकर, न सांगता जा. आधी इंजिनला हात लावून बघा, थंडगार पाहिजे. मग सेल्फ तुम्ही मारा आणि तुमचा माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. इंजिन कोमट लागलं तर चहा घ्या, भावाचं बोलू नका, आणि दुसऱ्या दिवशी परत जा.