कोणाचे ऐकावे?

"पाचामुखी परमेश्वर" असे आपण म्हणतो. पाच माणसे एक बोलली, की ते खरे मानतो. आणि जाणत्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, असेही आपणच म्हणतो. मग खरे काय? पाचांचे ऐकावे, की एका जाणत्याचे? दोन गोष्टी वाचू या.

पहिली गोष्ट १९०६ सालची. इंग्लंडात प्लिमथ येथे गुरांचे प्रदर्शन भरले होते. तेथे एक धष्टपुष्ट बैल ठेवला होता. तो कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, हे ओळखायचे होते. सहा पेन्स द्यायचे आणि चिठ्ठीवर आकडा लिहायचा. ज्याचा आकडा जवळचा, त्याला बक्षीस. चिठ्ठी लिहिणारांत खाटीक होते, शेतकरी होते. गुरांतले फारसे न कळणारेही होते.

फ्रान्सिस गॉल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने पुढे त्या चिठ्ठ्या मिळवल्या. हिशेबात घेण्याजोग्या ७८७ निघाल्या. लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत त्या ओळीने लावल्या. मग बरोबर मधली चिठ्ठी पाहिली. आकडा होता १,२०७ पौंड. बैल भरला होता १,१९८ पौंड. म्हणजे सुमारे ५४३ किलोंत फरक फक्त ४ किलोंचा!

हे जमले कसे? कोणी जास्त सांगितले, कोणी कमी. एकाची चूक दुसऱ्याने भरून निघाली. पण एक ध्यानात ठेवा. सर्वांच्या समोर बैल उभा होता. आणि प्रत्येकाने आपला आकडा आपण लिहिला होता. दुसऱ्याचे पाहून लिहिला असता, तर एकाची चूक सर्वांची झाली असती.

आता दुसरी गोष्ट. साल १८५४. लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याजवळ पटकीची साथ आली. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसे दगावली. लोक म्हणत, घाण हवेने पटकी होते. मोठमोठे डॉक्टरही तेच म्हणत.

जॉन स्नो नावाच्या डॉक्टराला ते पटेना. त्याला पाण्याचा संशय होता. पण नुसते "मी डॉक्टर, माझे ऐका" असे तो म्हणाला नाही. मेलेल्या माणसांची यादी त्याने मिळवली. घरोघर जाऊन विचारले, "पाणी कोठून आणत होता?" बहुतेकांचे पाणी एकाच पंपाचे निघाले. काही घरे लांब होती. पण पाणी आवडते, म्हणून तीही याच पंपावरून पाणी आणवीत. जवळच बिअरचा कारखाना होता. तिथले कामगार त्या पंपाचे पाणी पीत नसत. त्यांच्यातला कोणी पटकीने मेला नाही.

स्नोने हा पुरावा मांडला. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकला. साथ तेव्हा ओसरू लागलीच होती. पण ते पाणी पिणे बंद झाले. पुढच्या वर्षी विहीर तपासली, तेव्हा कळले, की शेजारच्या घराच्या मैल्याच्या खड्ड्याचे पाणी विहिरीत झिरपत होते.

म्हणजे काय झाले? पटकी कशाने होते, हे डोळ्यांना दिसत नव्हते. तिथे सर्वजण एकमेकांचे ऐकून बोलत होते. म्हणून हजारांचे मत चुकले. पण पाणी कोठून आणले, हे ज्याचे त्याला ठाऊक होते. ते लोकांनीच सांगितले, म्हणून डॉक्टरला खरे सापडले.

आपल्या गावाचेच पाहा ना. विहीर कोणत्या महिन्यात आटते? पाण्यासाठी कोणत्या बाईला किती लांब जावे लागते? हे ग्रामसभेत सर्वांना विचारावे. गप्प बसणाऱ्यालाही विचारावे. बाहेरच्या साहेबापेक्षा गावाला ते जास्त ठाऊक असते. पण पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे हात वर करून ठरत नाही. पाणी गोड लागले, नितळ दिसले, तरी त्यात रोगाचे जंतू असू शकतात. त्याचा नमुना तपासणीला पाठवावा.

आणि जाणत्यालाही एक प्रश्न जरूर विचारावा : "हे तुम्हाला कशावरून कळले?" खरा जाणता त्याचा राग मानत नाही. तो पुरावा दाखवतो.

विचार करा :
१. बैलाचे वजन लोकांना जवळजवळ बरोबर का सांगता आले?
२. पटकीच्या कारणाबद्दल इतक्या लोकांचे मत का चुकले?
३. तुमच्या गावात कोणती गोष्ट सर्वांना विचारावी? कोणती जाणत्याला विचारावी?