जर्मन भाषा आणि आपला मराठी कान

मोठेपणी जर्मन शिकणारा प्रथम अडखळतो तो लिंगांपाशी. चमचा 'डेअर ल्योफेल' पुल्लिंगी, काटा 'दी गाबेल' स्त्रीलिंगी, तर सुरी 'दास मेसर' नपुंसकलिंगी! म्हणून नामाबरोबर त्याचे उपपदही पाठ करावे. 'मेडशेन' म्हणजे मुलगी; पण 'शेन' या लघुत्वदर्शक प्रत्ययामुळे तीही नपुंसकलिंगी. आपल्याला याचे नवल का वाटावे? आपले लेकरू, वासरू, पाखरूही नपुंसकलिंगीच. 'कारण' या अर्थी 'वाइल' आले की क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते. तीही आपल्याच ओळखीची जागा.

माझ्या घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. शाळेचे तोंड न पाहिलेली माझी आई तीन लिंगांत कधी चुकत नाही. मित्रहो, हे घरचे भांडवल घेऊन एकोणिसाव्या वर्षीही नवी भाषा खुशाल सुरू करावी.