यजमान शहर: बंगळूर, मुक्काम एचएसआर लेआउट

पाहुण्यांना बंगळूरची ओळख करून द्यायची म्हटलं की लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध आणि मसाला डोसा हे ओघाने आलंच. ते सगळं सहलीत होईल. आपल्या मराठी संमेलनाचा मुक्काम ज्या भागात आहे त्या एचएसआर लेआउटमध्ये मात्र बघण्यासारखं फारसं काही नाही, हे यजमानाने आधीच सांगून टाकलेलं बरं. हे गाव बिऱ्हाड मांडणाऱ्यांचं आणि बिऱ्हाड उचलणाऱ्यांचं. नागपूर, नाशिक, सांगली, बेळगावहून माणसं इथे येतात, चार-सहा वर्षं काढतात, आणि त्यांतली काही युरोपची वाट धरतात. हल्ली तर ज्या गावाचं नाव आपण कधी ऐकलेलंही नसतं अशा गावी जातात. म्हणून ही ओळख थोडी सामान बांधणाऱ्यांच्या सोयीची केली आहे.

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली सात सेक्टरांची ही वसाहत, पिनकोड ५६०१०२. अगर, जक्कसंद्र, सोमसुंदरपाळ्य ही मूळची खेडी तिच्या कडेला आणि पोटात अजून आहेत. सत्तावीसाव्या मेनवरच्या चकचकीत कॅफेंमधून दोन गल्ल्या आत वळलं की दारात रांगोळी, बांधलेली गाय आणि ग्रामदेवतेचं देऊळ दिसतं. सकाळी फिरायला जायचं असेल तर अगर तळं. निफ्टचं आवार इथलंच. बाकी इमारतींत नवी कंपनी काढलेली किंवा काढू पाहणारी पोरं.

शहाजीराजांना बंगळूरची जहागीर १६३८ च्या सुमारास मिळाली, तेव्हा मराठी माणूस इथे उपरा नाही, हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं. खरंच आहे ते. पण शहाजीराजांना ॲडव्हान्स भरावा लागला नव्हता. आपल्याला लागतो. पुण्या-मुंबईचा माणूस दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट मनात धरून येतो आणि इथला घरमालक शांतपणे दहा महिन्यांचं भाडं मागतो. हल्ली पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते. सोडताना रंगकामाच्या नावाने एक महिन्याचं भाडं कापलं जातं, भिंतीला तुम्ही बोटही लावलेलं नसलं तरी. करारात ते लिहिलेलं असतं, तेव्हा सही करण्याआधी वाचा. घर बघायला गेलात की हॉल-किचन नंतर बघा, आधी विचारा: कावेरीचं पाणी आहे की बोअरचं? समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर वसलेल्या या शहरात कावेरी शंभरेक किलोमीटरवरून पंपाने वर चढवून आणावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावलेल्यांना या प्रश्नाचं महत्त्व पटलेलं आहे. एमएच नंबरची गाडी आणलीत तर वर्षाच्या आत तिकडच्या आरटीओचं ना हरकत पत्र आणून केए नंबर घ्यायचा, इथला रोड टॅक्स भरायचा आणि तिकडचा उरलेला परत मागायचा. शेवटच्या कामाला चिकाटी लागते.

एवढं जमलं की एचएसआर तुम्हाला सांभाळून घेतं. खरं तर जरा जास्तच सांभाळून घेतं. कामवाल्या बाईंशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, इथल्या मराठी मंडळात मराठी, आणि रिक्षावाल्याशी ‘स्वल्प अडजस्ट माडी’. दहा-दहा वर्षं राहून कन्नड न येणारी मराठी घरं इथे आहेत आणि त्यांचं काही अडत नाही. मराठी घरात वाढलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे ज्ञानपीठ मिळालेले कवी झाले, याचा आपल्याला केवढा अभिमान. बेंद्र्यांच्या धारवाडहून बंगळूरला येताना तो अभिमान आपण गाडीतच विसरून उतरतो, असं मला पुष्कळदा वाटतं. ही सवलत पुढे महागात पडते ती युरोपच्या खेड्यात.

जर्मनीचंच घ्या, कारण मंडळातली बहुतेक चौकशी तिकडचीच असते. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, नळकाम करणारे. तेव्हापासून गावाकडूनही फोन येतात: ‘दादा, तिकडं कसं असतं?’ स्टुटगार्ट सोडलं की तिकडे डोंगराळ मुलूख, द्राक्षमळे, आणि मध्येच एखाद्या लहान गावात जगभर माल पाठवणारा कारखाना. नोकरी तिथे असते, म्हणून राहणंही तिथेच.

डिपॉझिटच्या बाबतीत तिथे सुख आहे: कायद्याने तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तेही तीन हप्त्यांत देता येतं. मात्र भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघरच नसतं. खोली असते, ओटा, सिंक, शेगडी, कपाटं आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेत नोंदणी करायची, तीही घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन. ती झाल्याशिवाय करक्रमांक येत नाही आणि पुढची कामं अडतात. घरात टीव्ही नसला तरी नभोवाणी-दूरचित्रवाणीची वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ युरो. भारतीय लायसन्सवर सहा महिने गाडी चालवता येते, नंतर परीक्षा. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, पण गाडीत शेजारी बसलेला परीक्षक ‘डावीकडे वळा’ जर्मनमध्येच सांगतो. तासाला एक बस येणाऱ्या गावात गाडीवाचून भागत नाही, म्हणजे जर्मनवाचूनही नाही. रविवारी दुकानं बंद. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही. या राज्याच्या श्वाबिया भागात जिना झाडायची पाळी असते; दाराला पाटी अडकवलेली दिसली की तो आठवडा तुमचा. पाळी चुकवली तर कोणी भांडायला येत नाही, पण सगळ्या जिन्याला ते कळलेलं असतं.

यात सगळ्यात जास्त ओढाताण होते ती नोकरीवाल्याची नव्हे, घरी राहणाऱ्याची. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, गेलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची अट नाही. पुष्कळ जोडपी ही सूट बघून निश्चिंत होतात. ऑफिसातला माणूस इंग्रजीवर तगून जातो. पण लहानग्याला ताप आला की डॉक्टरच्या दवाखान्यात फोन करून वेळ घ्यायची असते, आणि पलीकडची बाई जर्मनच बोलते. बालवाडीची चिठ्ठी, कचऱ्याचं वेळापत्रक, शेजारच्या आजीबाईंची चौकशी, सगळं जर्मन. म्हणून मंडळातर्फे आमचा आग्रह असतो की निघण्याआधी दोघांनीही इंदिरानगरच्या ग्योथे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा जिथे जमेल तिथे ए१ ही जर्मनची पहिली पायरी तरी करून जावं. फायदा कागदावरही आहे: ब्लू कार्डवाल्याला ए१ वर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, बी१ असेल तर २१ महिन्यांनीच.

सामानाचं वजन करण्याचा सोहळा आमच्या इमारतीत नेहमीचा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लेकासाठी काढलेली बॅग काट्याला लटकवली, आकडा तेवीस किलोंच्या पुढे गेला आणि काढाकाढी सुरू झाली. काकूंचं म्हणणं कपडे काढा; तुपाची बरणी राहू दे. बरणीच आधी निघाली, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप गेलं, खवा गेला, पेढे गेले. ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. नारळ चालतो! फळांमध्ये अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच प्रमाणपत्राची सूट आहे. ‘ड्युरियन कोण नेणार आहे मेलं,’ काकू म्हणाल्या आणि गोडा मसाला, कुळथाचं पीठ, भाजणी, सांडगी मिरची यांची पुरचुंडी तुपाच्या जागी बसवली. मिक्सर खुशाल न्या. वीज तिकडेही २३० व्होल्टचीच, फक्त पिन बदलावी लागते. अमेरिकेला जाणाऱ्यांचं तसं नसतं.

कागदांना सामानापेक्षा जास्त वेळ द्या. सगळ्यात जास्त घोळ दोन दाखल्यांत होतो. एक, लग्नाचा: कार्यालयात हजार माणसं जेवली तरी नोंदणी नसेल तर व्हिसाच्या लेखी लग्न झालेलं नाही. दुसरा, जन्माचा: जुन्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, आणि आईचं नाव आधारवर एक, दाखल्यावर दुसरं. हे दुरुस्त करायला गावी जावं लागतं, म्हणून गणपतीच्या सुट्टीतच उरकून घ्या. एचएसआरमध्ये राहत असाल तर जर्मन व्हिसाचं काम बंगळूरच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं, मुंबईच्या नाही. इकडचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या. आणि शेतकरी कुटुंबातल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही. भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय, झालात की इथे नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येते ती येते. तेव्हा सातबाऱ्यावरचा गुंता जाण्याआधी भावंडांत बसून सोडवा.

उलट दिशेने आलेल्या एका माळ्याचं काम मात्र बघूनच जा. सॅक्सनीतल्या लोहमेन गावचे गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल लंडनच्या क्यू बागेत काम करत होते. १८९३ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत आले आणि १९०८ मध्ये बंगळूरला. लालबाग त्यांच्या हाताखाली आली. एक झाड फुलून ओसरलं की दुसरं फुलावं अशा बेताने त्यांनी या शहरात झाडं लावली. महायुद्धात जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्धतेतही राहावं लागलं. तरी ते इथून गेले नाहीत. १९५६ मध्ये इथेच वारले. लालबागेजवळचा एक रस्ता त्यांच्या नावाचा आहे.

एचएसआरहून लालबागेत जायला ऑगस्ट २०२५ पासून सोय झाली आहे. सिल्क बोर्डहून पिवळ्या मार्गाची मेट्रो पकडून आर. व्ही. रोडला उतरा, हिरव्या मार्गाची गाडी घ्या, तिसरं स्टेशन लालबाग. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसने येणारे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकावर, म्हणजे मॅजेस्टिकला, उतरतील. एचएसआरला यायला त्यांनाही हाच मार्ग उलटा. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला देवनहळ्ळीला आहे, तेव्हा परतीच्या दिवशी दोन-अडीच तास हाताशी ठेवा. आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात सिल्क बोर्ड चौकातून रिक्षाने जायचा बेत कोणी सुचवला, तर तो माणूस बंगळूरचा नाही एवढं ओळखा.