पांढरा कुडा व काळा कुडा : ओळख, रसायन आणि उपयोग

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील सागाच्या आणि मिश्र पानझडी जंगलांत, विशेषतः जंगलाच्या कडेस व तोड झालेल्या कूपांत, कुडा या नावाने ओळखली जाणारी दोन झुडपे जागोजागी आढळतात. दोन्ही कण्हेरीच्या कुळातील आहेत. दोहोंस पाने समोरासमोर येतात, फांदी मोडताच पांढरा चीक निघतो आणि लांब शेंगा जोडीने लागतात. त्यामुळे साल गोळा करणारे पुष्कळदा दोन्हींची साल एकाच गाठोड्यात बांधून आठवडी बाजारात आणतात. व्यापारी अशा मालाचा भाव पाडतो, हे नुकसान डोळ्यांना दिसते. न दिसणारे नुकसान रोग्याचे होते, कारण आमांशावर ज्या गुणासाठी कुडा प्रसिद्ध आहे तो गुण पांढऱ्या कुड्याच्या सालीचा आहे.

ओळख कठीण नाही. पांढऱ्या कुड्याचे पान रुंद व मोठे, बहुधा वीतभर लांब असून त्यास देठ जवळजवळ नसतो. काळ्या कुड्याचे पान लहान, अरुंद व टोकाकडे निमुळते असते आणि वाळल्यावर काळसर पडते. फुले दोहोंची पांढरी व सुवासिक असतात, परंतु काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतू दिसतात, पांढऱ्याच्या फुलात ते नसतात. सर्वांत खात्रीची खूण शेंगेची. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी जुळलेल्या असतात व पिकल्यावर सुटतात. बी पाहिल्यास पांढऱ्याच्या बियांवरील केसांचा झुबका तपकिरी आणि काळ्याच्या बियांवरील पांढरा असतो. चवीचाही उपयोग होतो. पांढऱ्या कुड्याचे बी, म्हणजेच इंद्रजव, अतिशय कडू असते, तर काळ्या कुड्याच्या बियांस बाजारात गोड इंद्रजव म्हणतात.

आयुर्वेदात या दोहोंस पुंकुटज व स्त्रीकुटज अशी नावे आहेत. घोटाळा मात्र केवळ खेड्यातला नव्हे. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही यांची गल्लत झालेली होती. काळ्या कुड्याच्या वर्गाचे शास्त्रीय नाव राइटिया. पांढऱ्या कुड्यातील मुख्य द्रव्यास कोनेसीन म्हणतात, आणि या गल्लतीमुळे त्यालाच ‘राइटीन’ असेही दुसरे नाव चिकटले!

कोनेसीन हे क्षाराभ, म्हणजे अल्कलॉइड, या जातीचे द्रव्य आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत असे अनेक क्षाराभ असून चांगल्या सालीत त्यांचे एकूण प्रमाण सुमारे २ टक्के धरतात. झाडाचे वय, तोडीचा हंगाम व वाळवणी यांप्रमाणे ते बरेच कमीअधिक होते. शुद्ध कोनेसीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण आम्लाशी संयोग पावून त्याचे लवण बनले की विरघळते. मद्यार्कातही ते उतरते. कुटजारिष्ट आंबवून करण्याच्या जुन्या पद्धतीस या दृष्टीने चांगला आधार मिळतो. त्या अरिष्टात सालीबरोबर मोहफुले व धायटीची फुले पडतात, आणि या दोन्ही वस्तू याच जंगलात विपुल आहेत.

१९२० च्या दशकात कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कुड्याच्या सालीचा आधुनिक पद्धतीने अभ्यास केला. अमीबा या सूक्ष्म जीवामुळे होणाऱ्या आमांशावर पुढे कुड्याची औषधे रुग्णालयांतही वापरली गेली. शुद्ध कोनेसीनने मात्र काही रोग्यांस निद्रानाश व मनाचा क्षोभ होई. १९६० नंतर मेट्रोनिडॅझोल हे अधिक भरवशाचे औषध आल्यावर त्याचा वापर मागे पडला.

येथे एक गोष्ट गावोगाव सांगितली पाहिजे. आमांश अमीबामुळे होतो तसा जिवाणूंमुळेही होतो, आणि केवळ मळ पाहून घरी भेद करता येत नाही. लहान मुलाच्या शौचात रक्त दिसल्यास कुड्याचा काढा देत दिवस घालवू नयेत. त्यास ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व वाटेत जलसंजीवनी पाजीत राहावे. जलसंजीवनीचे पुडे नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावे. गरोदर स्त्रियांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून कुडा घेऊ नये.

काळा कुडा निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. त्याच्या पानांपासून निळा रंग निघतो. तामिळनाडूत सिद्ध वैद्य ती पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात आणि ते तेल सोरायसिस या त्वचारोगावर लावतात. त्याचे लाकूड पांढरे व मऊ असून कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी त्यापासूनच होतात. या झाडाची साल खपविण्यापेक्षा या उपयोगांकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे आहे.

सालीची तोड हा या धंद्यातील कच्चा दुवा आहे. उभ्या झाडाची साल सभोवार सोलल्यास झाड वाळून जाते, व मुळे खणल्यास त्या जागी पुन्हा काही उगवत नाही. पांढऱ्या कुड्यास बुंध्यापासून फुटवे चांगले येतात, म्हणून जून खोड जमिनीपासून थोडे वर, धारदार हत्याराने तिरपे तोडावे व तोडलेल्या खोडाची साल काढावी. ज्या बुंध्यास एकदा हात लावला तो काही वर्षे राखावा, आणि प्रत्येक भागात बियांसाठी काही झाडे मुळीच तोडू नयेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. असा हक्क मिळालेल्या गावी तोडीची पाळी ग्रामसभेनेच ठरवून द्यावी.

साल काढल्यावर आतील लाकडाचे तुकडे काढून टाकावेत, कारण त्यांनी वजन वाढते पण कस उतरतो. साल सावलीत पातळ पसरून रोज उलटावी. मोडताना कट्‌कन आवाज झाला म्हणजे ती वाळली असे समजावे. त्यानंतर ती कोरड्या पोत्यांत भरून, पोत्यांखाली फळ्या घालून, भिंतीपासून दूर ठेवावी. पोत्यावर झाडाचे नाव, गाव व तोडीचा महिना लिहिलेली चिठ्ठी बांधावी.