ठासणीची पहिली बंदूक: किमतीपलीकडचा खर्च

अमेरिकेत ठासणीची बंदूक आजही नवी कोरी मिळते, आणि तिथल्या आपल्या मंडळींपैकी कुणाला निशाणेबाजीसाठी ती घ्यावीशी वाटली तर दुकानदार बहुधा ‘इनलाइन’ रायफल पुढे करेल. ती मुख्यतः हरणाच्या शिकारीसाठी बनलेली असते. तिच्या नळीतले आटे बहुतेक वेळा २८ इंचांत एक फेरा घेतात, त्यामुळे तिला लांबट गोळ्या लागतात आणि त्या महाग पडतात. नुसता पुठ्ठ्यावर नेम धरायचा असेल तर ती घेऊ नका. चकमकीच्या बंदुकीचा मोहही पहिल्या खेपेला आवरा. गार झिजते, ठिणगी कधी धड पडते, कधी नाही, आणि चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंतच्या क्षणभरात नवख्याचा नेम हलतो.

माझ्या मते पहिली बंदूक म्हणून बाजूला घोडा असलेली, टोपीवर चालणारी पॉइंट ५० बोअरची रायफल घ्यावी. आटे ४८ इंचांत एक फेरा घेणारे असले की कापडी चकतीत बसवलेली शिशाची गोल गोळी त्यातून छान जाते. अशी साधी नवी रायफल साधारण ३५० ते ६०० डॉलरांत येते. इटलीच्या पेडरसोलीची बहुतेक मॉडेलं हजाराच्या आसपास किंवा पुढे जातात. दिसायला देखणी, पण सुरुवातीला गरज नाही.

वापरलेली घ्यायला हरकत नाही. थॉम्पसन सेंटर कंपनीची १९७० मध्ये आलेली ‘हॉकेन’ आजही जुन्या मालात सापडते. मात्र हातात घेतल्याबरोबर गज नळीत सोडा आणि तो आत किती गेला ते नळीच्या बाहेरच्या लांबीशी ताडून पाहा. बराच कमी गेला तर आत जुना बार भरलेला असू शकतो. मग छोटा दिवा आत सोडून आटे पाहा. गंजाने खड्डे पडलेले असतील तर भाव कितीही कमी असो, परत द्या.

दारूचं माप, गोळी तोंडाशी दाबायचा ठोकळा, टोपी बसते त्या निपलचा पाना, सफाईचं सामान, चष्मा आणि कानाचं संरक्षण यांना मिळून आणखी शंभरेक डॉलर धरा.

आता नेहमीचा खर्च. काळी दारू पौंडाला तीसेक डॉलर पडते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. ५० ग्रेनचा बार भरला तर १४० बार निघतात, म्हणजे दारूचे २१ सेंट. टोपीचे दहा, गोळीचे वीस आणि कापडी चकतीचे आठेक सेंट मिळवले की एक बार साठ सेंटच्या आसपास जातो. दारू घरपोच मागवली तर धोकादायक मालाचा वेगळा आकार पडतो. म्हणून जवळच्या दुकानातून घ्या किंवा क्लबातल्या चौघांनी मिळून एकदाच मागवा. आधुनिक बिनधुराची दारू चुकूनही भरू नका, नळी फुटते. दारू मापानेच ओता, डब्यातून थेट कधीच नाही. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासा; मध्ये पोकळी राहिली तरी नळीला धोका असतो. बार उडाला नाही तर तोंड निशाण्याकडेच ठेवून किमान मिनिटभर थांबा.

काळ्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने नळी धुऊन, पुसून, तेल लावायचं. त्यात अर्धा तास सहज जातो; ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने ही बंदूक घेऊच नये.

खरेदीआधी एखाद्या क्लबात जाऊन दुसऱ्याच्या बंदुकीने बार उडवून पाहा. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी आहे. कायद्याचं म्हणाल तर, फक्त काळी दारू किंवा तिचे पर्याय चालणारी ठासणीची बंदूक संघीय नियमांत सर्वसाधारणपणे ‘पुरातन’ गटात मोडते. पण इलिनॉय, न्यू जर्सीसारख्या राज्यांचे नियम कडक आहेत. आणि तुम्ही एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर पैसे मोजण्याआधी आपल्या राज्याचा नियम वकिलाकडून समजून घ्या.