पाळलेली मासळी, मोकळी मासळी आणि गर्भवतीचे ताट

मासे खावेत की नाहीत, हा प्रश्न आपल्या समाजात पूर्वी घरच्या रीतीचा होता. अलीकडे तो आरोग्याचा झाला आहे. तळ्यात पाळलेले मासे अपायकारक आणि नदीसमुद्रातले मोकळे मासे शुद्ध, असा समज सुशिक्षित कुटुंबांत दृढ होत आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या भोपाळात ताजी सागरी मासळी सहजी मिळत नाही. परिणामी काही गर्भवती स्त्रिया 'पाळलेला नको आणि मोकळा मिळत नाही' असे म्हणून मासे सर्वस्वी वर्ज्य करतात. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला माशांतील दोषांपेक्षा या वर्ज्य करण्याचीच काळजी अधिक वाटते.

या समजाचे मूळ पाहू जाता ते बव्हंशी पाश्चात्त्य आहे. २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरातील सुमारे ७०० सॅमन माशांच्या त्या तपासणीत पाळलेल्या सॅमनमध्ये पीसीबी, डायॉक्सिन इत्यादी क्लोरिनयुक्त रसायने मोकळ्या सॅमनपेक्षा अधिक आढळली. कारण सरळ होते. सॅमन हा मांसाहारी मासा. त्याला लहान सागरी माशांचे पीठ व तेल खाऊ घालत असत आणि त्या तेलात साठलेली रसायने त्याच्या चरबीत उतरत. पुढे खाद्यात वनस्पतिजन्य तेलाचे प्रमाण वाढले, तशी ही रसायने घटली. पण त्याबरोबर ओमेगा-३ मेदाम्लेही घटली.

आता आपल्या बाजारातला रोहू, कटला किंवा मृगळ घ्या. आंध्रातील कोल्लेरू परिसरातील तळ्यांतून बर्फात येणारा हा मासा तांदळाचा कोंडा, तेलबियांची पेंड आणि पाण्यातील सूक्ष्म जीव यांवर वाढतो. अन्नसाखळीत त्याचे स्थान खालचे. सॅमनवरचा आक्षेप त्याला जसाच्या तसा चिकटवणे हे वैद्यकीय तर्काला धरून नाही.

शिवाय 'पाळलेला' आणि 'मोकळा' या दोन खणांत आपल्या प्रांतातील मासळी नीट बसतही नाही. बडा तालाब, हलाली, तवा यांसारख्या जलाशयांत बोटुकली बाहेरून आणून सोडतात, पण पुढे मासे पाण्यातल्या नैसर्गिक खाद्यावरच वाढतात. हा मासा पाळलेला म्हणावा की मोकळा? तवा जलाशयावर १९९६ ते २००६ या काळात विस्थापित आदिवासींच्या 'तवा मत्स्य संघा'ने हेच काम उत्तम रीतीने केले होते. अशी मासळी ताजी मिळाली तर मी ती निःशंकपणे घेतो. याउलट नर्मदेतला खरा मोकळा महाशीर, जो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, तो आता इतका दुर्मीळ झाला आहे की त्याने ताटात येऊच नये.

मोकळ्या पाण्याच्या शुद्धतेविषयी तर भोपाळकरांना वेगळे सांगायला नको. युनियन कार्बाइडच्या आवारातील मातीत पारा आणि परिसरातील भूजलात क्लोरिनयुक्त सेंद्रिय रसायने असल्याचे ग्रीनपीसने १९९९ साली नोंदवले होते. त्या बाजूच्या डबक्यातला मासा कोणी कितीही नैसर्गिक म्हणून दिला तरी तो घेऊ नये. मासा जसे पाणी तसा असतो. त्याला कोणी दाणा घातला की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे.

समुद्रातील मोकळ्या माशांचा मुख्य दोष पाऱ्याचा आहे. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेले मिथिल मर्क्युरी मासळीत साठले. १९५६ मध्ये हा आजार उघडकीस आला. ज्या मातांमध्ये लक्षणे सौम्य होती अथवा नव्हतीच, त्यांची अर्भकेही मेंदूला गंभीर इजा घेऊन जन्मली, ही त्यातील सर्वांत विदारक बाब. मिथिल मर्क्युरी स्नायूंतील प्रथिनांना चिकटते. त्यामुळे कातडी काढून, धुऊन वा तळून ते जात नाही. मोठ्या, दीर्घायुषी, इतर मासे खाणाऱ्या माशांत ते अधिक असते. म्हणून मोरी, तलवार मासा आणि मोठी सुरमई गर्भवतीने टाळावी. तारली, बांगडा, मांदेली हे लहान मासे मात्र पाऱ्याने कमी असतात. त्यांतील तारली व बांगडा ओमेगा-३ ने समृद्ध आहेत. कोकणातले गरिबाचे मासे हेच गर्भवतीसाठी श्रेष्ठ ठरावेत, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

मग थोडा पारा असला तरी मासे खावेत काय? फेरो बेटांवर पायलट व्हेलचे पारायुक्त मांस खाणाऱ्या मातांच्या मुलांत सूक्ष्म बौद्धिक उणिवा आढळल्या. सेशेल्समधील माता मात्र रोज सागरी मासे खात, आणि तेथील मुलांत तसा अपाय दिसून आला नाही. इंग्लंडमधील एव्हन परगण्याच्या अभ्यासात (लॅन्सेट, २००७) तर आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी सागरी अन्न खाणाऱ्या मातांच्या मुलांत शाब्दिक बुद्ध्यंक कमी असण्याची शक्यता अधिक आढळली. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु मासे सोडल्याने बाळाचे भले होते, या कल्पनेला त्यातून आधार मिळत नाही एवढे खरे.

येथे ब-१२ जीवनसत्त्वाचा उल्लेख आवश्यक आहे. केवळ अंगावर पिणारे, फिकट, विरळ तांबूस केसांचे, बोटांची पेरे काळवंडलेले आणि शिकलेले हसणेबसणे विसरू लागलेले, कंप सुटलेले मूल आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोमच्या अशा मुलांत बहुधा ब-१२ ची उणीव असते, आणि आईच्या आहारातही तीच. शाकाहारी कुटुंबांना दूध-दही व आवश्यक तेथे औषध हा मार्ग आहेच. पण मांसाहारी घरातील स्त्रीने एका ऐकीव भीतीपोटी मासे सोडले, तर त्या जागी काय घेणार हे तिला विचारण्याचे काम आपले आहे.

पाळलेल्या मासळीचा खरा दोष प्रतिजैविकांचा. क्लोरॅम्फेनिकॉल हे आमच्या शिक्षकांच्या पिढीचे विषमज्वरावरील हुकमी औषध. त्याने क्वचित अस्थिमज्जा कायमची निकामी होते, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. मत्स्यसंवर्धनात त्याच्या आणि नायट्रोफ्युरॅनच्या वापरास आज भारतात बंदी आहे. पण निर्यातीच्या कोळंबीची जितकी काटेकोर तपासणी होते, तितकी आपल्या मंडईतल्या रोहूची होत नाही. बंदी असूनही चोरून पाळला जाणारा थाई मांगूर तर घेऊच नये. तो कत्तलखान्याच्या घाणीवरही वाढवतात.

फॉर्मलिनचा प्रश्न पाळलेल्या-मोकळ्याचा नाही, लांब प्रवासाचा आहे. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातील मासळीवरून गोव्यात गदारोळ झाला आणि राज्याने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घातली. शवविच्छेदन कक्षाचा तो वास आपल्या नाकाला परिचित आहे, पण अल्प मात्रेत तो येत नाही. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची सोपी चाचणी विकसित केली आहे. आपल्या मंडळाने आरोग्य शिबिरात ती ठेवावी, असे मी सुचवीन. एरवी कल्ले लाल, डोळे फुगीर व मांस दाबल्यावर वर येणारे असावे. डोळे निस्तेज असूनही मांस ताठ असेल आणि माशी बसत नसेल, तर संशय घ्यावा.

प्रमाणाविषयी पालक हमखास विचारतात. अमेरिकन अन्न व औषध प्रशासनाच्या सल्ल्यानुसार कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोनदा द्यावेत: १ ते ३ वर्षांच्या मुलास दर वेळी सुमारे ३० ग्रॅम, ४ ते ७ वर्षांच्या मुलास ६० ग्रॅम, गर्भवतीने आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम घ्यावेत. रोहूचे बारीक दुहेरी काटे लहान मुलांसाठी धोक्याचे असल्याने मांस बोटांनी चाचपून, भातात कुस्करूनच भरवावे. प्रथम देताना अगदी थोडे द्यावे. माशाची अ‍ॅलर्जी ज्या प्रथिनामुळे प्रामुख्याने होते, ते शिजवूनही नष्ट होत नाही. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा धाप लागणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.